दौलतदादांनी न चाखलेली बीअर

यवतमाळला कचेरीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं, त्यावर अक्षर सुमनचं होतं. सुमन म्हणजे दौलतदादांची सून. "मामाजी मंगळवारी सकाळी गेले. चहा पिऊन बाजेवर टेकले ते उठलेच नाहीत. तुम्हाला कळवायचं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं." बस, एवढंच. कार्ड टेबलाच्या खणात ठेवून मी हातातलं टिपण पुरं केलं, कारकुनाच्या हाताला तशी सवयच असते. दुपारी डबा उघडला तो मात्र तसाच झाकून ठेवला.

दौलतदादा राजूरच्या कोळसाखाणीच्या गोऱ्या मॅनेजराचे खानसामा. छप्पन सालच्या सुरुवातीला मी त्याच खाणीच्या ऑफिसात कारकून लागलो. आमच्या सात पिढ्यांतला मी पहिला बी.ए. हे त्या काळी मी कुणी न विचारता सांगत असे. आजही सांगतो, कारण ते सोपं नव्हतं. दौलतदादा आमच्याच वस्तीतले, अक्षरओळख नसलेले, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बंगल्याच्या मागच्या अंगणात बोलावलं आणि एक फाटकं इंग्रजी पुस्तक पुढे केलं. "बीएबाबू, यात काय लिवलं हाय ते मले वाचून सांग. मी बारा वर्सं करून राह्यलो, आता पुस्तकवाला काय म्हणते ते आयकू."

पुस्तक घरी बीअर कशी करावी याचं होतं. साहेबाला बाजारची बीअर आवडत नसे आणि राजूरपर्यंत ती धडपणे पोचतही नसे. त्याने कधीतरी दौलतदादांना विलायतेतली रीत तोंडी सांगितली, आणि या माणसाने ती आपल्या मुलखाला जुळवून घेतली. ओल्या तरटावर जवाला मोड आणायचे, जव कमी पडले तर अर्धी ज्वारी. मोड उन्हात वाळवून मुळ्या सुपात चोळून पाखडायच्या. नुसत्या उन्हात वाळवलेल्या दाण्याची फिकी बीअर होई, तव्यावर बदामी भाजलेल्याची तांबडी, आणि करपण्याच्या अगदी काठावर नेलेल्याची काळी. तिला खाणीतले लोक 'राजूरचा माल' म्हणत. भरड गरम पाण्यात मुरवायची, गाळून विलायतेहून डब्यात येणारी कडू फुलं घालून उकळायची, निवल्यावर मागल्या खेपेचा तळचा गाळ विरजणासारखा सोडायचा. रांजण ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेले. हे सगळं दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात हात लावायचा नाही, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात बाटल्या फटाक्यासारख्या फुटत. तीन खेपा त्यांनी तशा गमावल्या होत्या, तेव्हा हे शिकले.

पुस्तकात भरडीच्या पाण्याची उष्णता अंशांत दिलेली होती. दौलतदादा ती बोटाने ओळखत. बोट बुडवायचं आणि तीन मोजायचे, तिसऱ्या आकड्याला बोट आपोआप बाहेर आलं पाहिजे. मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी खाणीच्या दवाखान्यातून ताप पाहायचं थर्मामीटर मागून आणलं आणि मोठ्या रुबाबात हंडीत बुडवलं. ते टच्‌कन फुटलं. पारा आत गेला, हंडी ओतून द्यावी लागली. दौलतदादा रागावले नाहीत, पण वस्तीभर सांगत फिरले. "बाबूनं हंडीचा ताप पाह्यला. थर्मामीटर म्हणे, एवढा ताप म्यां माणसात पाह्यला नाही बा." महिनाभर लोक मला पाहिलं की बोट वर करून तीन मोजत. मला ते फार लागलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही दोघं नागपूरला गेलो होतो. लाखो लोकांत उभं राहून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, दारू न पिण्याचं शीलही. परत आल्यावर दौलतदादांनी पहिलं काम केलं ते चाखायच्या पितळी वाटीचं. बीअर उतरली की ते त्या वाटीतून एक घोट घेत आणि काय कमी, काय जास्त ते सांगत. ती वाटी त्यांनी घासूनपुसून फळीवर पालथी घातली. मी विचारलं, "दादा, मग चांगली झाली की वाईट, हे कळणार कसं?" ते म्हणाले, "नाक हाय, कान हाय. जिभेनं बारा वर्सं काम केलं, आता तिले सुट्टी."

वस्तीत कुरबुर झाली. दीक्षा घेतली अन् दारू गाळते, असं कुणी तोंडावरही बोललं. ते ऐकून घेत. पाच लेकरं होती, बंगल्यामागची खोली नोकरीबरोबरची होती, दुसरं काम हातात नव्हतं. "हे सोडाचं हाय मले," एवढंच म्हणत, "पण सोडीन ते चांगलं काम करून सोडीन. बिघडवून नाही."

आणि खरं सांगतो, न चाखता त्यांनी केलेली ती त्या हिवाळ्यातली बीअर सगळ्यांत उत्तम, असं साहेब स्वतः म्हणे. रांजणाला कान लावून ते बुडबुडे मोजत. बाटली उजेडात धरून तळचा थर पाहत. साहेबाचा रिकामा पेला परत आला की आतल्या फेसाच्या वलयांवरून तो कसा प्याला, हे ओळखत.

नाताळाला पाहुणे यायचे होते, बाटल्या डझनभर कमी पडत होत्या. मी वणीच्या बाजारातून आणल्या, तेलवाल्याकडच्या. "राख अन् उकळत्या सोड्यानं दोन डाव धुवा लागते," दादांनी बजावलं. मला ऑफिसात घाई होती. थंड पाण्यात खळबळून उपड्या घातल्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "पुस्तकात लिहिलं तशाच धुतल्या." पुन्हा कुणी बोट वर करून तीन मोजू नयेत, एवढ्यासाठी.

नाताळाच्या दुपारी मी पगारपत्रकावर सही घ्यायला बंगल्यावर गेलो, तर व्हरांड्यात दादा हात बांधून उभे. साहेबाच्या पेल्यात फेस येत होता आणि क्षणात बसत होता. मेलेली दिसत होती ती बीअर. पाहुणे हसत होते. साहेबाचा चेहरा लाल. त्याने पेला पुढे केला. "दौलत, खुद पीके बोलो, क्या बनाया है. नहीं तो कल से मत आना."

मला वाटलं, आता घेतील एक घोट. घेतला असता तर कुणी काही म्हटलं असतं का... मी तरी नाही.

"पिऊंगा नहीं साब," ते म्हणाले. "क्या हुआ, वो बताता हूं." नव्या आणलेल्या बाटल्यांतली एक घेतली, कानाशी धरून उघडली. फुस्स आवाज पुरा आला. म्हणजे बीअरमध्ये जोर होता. मग करंगळी बाटलीच्या तोंडात आतून फिरवली आणि टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला घासली. कागद उजेडात धरला. तिथे तेलाचा पारदर्शक डाग. जवसाचं तेल. "तेल फेस को मार देता साब. बीअर में खोट नहीं." जुन्या बाटल्यांतली एक त्यांनी उघडून ओतली. फेस दोन बोटं उभा राहिला आणि राहिलाच.

साहेब शांत झाला. "बोतल किसने धोया?"

दादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मैंने, साब. मेरी गलती."

मला फाटकापर्यंत सोडायला येताना दादा म्हणाले, "बाबू, पाच शीलं घेतली आपण. एक म्यां आज सांभाळलं, अन् एक तुह्यापायी मोडलं." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "काहून मोडलं, ते कवातरी तूच सांगजो लोकायले. आज नको. आज तुही नोकरी नवी हाय."

मी सांगितलं नाही. साहेब गेला, दारूबंदी आली, दादा खाणीच्या कँटीनमध्ये लागले. विस्तव, रांजण, बाटल्या त्याच, आता आत आलं-लिंबाचं सरबत. वस्तीतल्या लग्नांत ते सरबत मानाने जाई, ज्यांनी कुरबुर केली होती त्यांच्याही. माझी यवतमाळला बदली झाली. दरवेळी भेटलो की वाटे, आज वस्तीत चारचौघांत सांगू. ते कधी आठवण करून देत नसत, हेच कठीण होतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे दादांच्या मागच्या विधीला, राजूरला गेलो. वस्तीतल्या त्यांच्या घरीही फळीवर ती वाटी तशीच पालथी, अकरा वर्षांत कुणी सरळ केलेली नाही. सुमनने दादांनी शेवटी भरलेल्या सरबताच्या बाटल्यांतली एक आणून दिली. मी उघडली, आणि नकळत करंगळी तोंडात फिरवून समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला घासली. कागद उजेडात धरला.

"काय पाहून राह्यले काका?" सुमन म्हणाली. "मामाजीबी असंच करत. आम्ही विचारलं तर सांगत नव्हते. म्हणत, ते बाबूले विचारा."

अंगणात वस्तीतली माणसं बसली होती, तीन मोजणाऱ्यांपैकी काही म्हातारे त्यांत होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं. नाताळाच्या त्या बाटल्या मी धुतल्या होत्या आणि दादांनी माझ्यासाठी दोष अंगावर घेतला, असं. कुणी हसलं नाही. जे तिथे नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

कागदावर डाग नव्हता.