आमेनला हरकत घेता येत नाही

आमच्या मंडळीच्या कमिटीसमोर एकदा स्लाइड्स लागल्या. विषय होता पोस्ट-ख्रिश्चन कल्चर. युरोपातल्या कुठल्याशा सेमिनारमधून कुणीतरी त्या आणल्या होत्या: ओस पडलेली चर्चेस, त्यांत उघडलेले कॅफे, एका वेदीच्या जागी तर चक्क जिम. शारजाच्या चर्च कंपाउंडात, एसीच्या गारठ्यात बसून आम्ही मराठी माणसं समोसे खात युरोपसाठी हळहळत होतो. मला हसू आवरेना. पोस्ट-ख्रिश्चन व्हायला आधी कधीतरी ख्रिश्चन असावं लागतं. नगरकडच्या माझ्या गावात आम्ही एका गल्लीपुरते होतो. इथे तर पाहुणेच. हातून निसटून जाईल असं आमचं होतं तरी काय?

घरी येताना सिग्नलला थांबलो आणि उत्तर सुचलं. आमची मुलं. इंग्लंडहून आलेल्या शिक्षकांकडे ती शिकली, आणि त्या शिक्षकांच्या लेखी चर्च म्हणजे लग्नाचा हॉल. मराठीत विचारलं की मुलं इंग्रजीत उत्तर देतात, आणि रविवारी दुपारी उपासनेच्या वेळी न चुकता त्यांचं डोकं दुखतं. युरोप आमच्याच फ्लॅटमध्ये, आमच्याच वायफायवर राहत होता.

माझी मुलगी तर डोकेदुखीचा बहाणाही करत नव्हती. तिने येणंच सोडलं होतं. तिला वाढवलं माझ्या बहिणीने. ती इथे नर्स होती आणि आमच्याकडेच राहायची. ती आजारी पडली तेव्हा मंडळीने साखळी प्रार्थना लावली, पाळीपाळीने रात्रंदिवस. कमिटीचे सेक्रेटरीकाका भर उपासनेत उभे राहून म्हणाले, ‘‘आपली बहीण बरी होणार. खात्री बाळगा.’’ बहीण गेली. घरी सांत्वनाला मंडळी जमली तेव्हा मुलीने सरळ विचारलं, ‘‘अंकल, यू सेड शी विल बी फाइन. मग ते काय होतं?’’

काकांनी डोळे मिटले. ‘‘हे दयाळू पित्या, या लेकराचा विश्वास डळमळतो आहे...’’

ही आमची जुनी कला. प्रश्न माणसाने विचारायचा आणि उत्तर देवाला उद्देशून द्यायचं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या की मध्ये बोलणार कोण? भाषणाला हरकत घेता येते, आमेनला नाही. मुलगी उठून आत गेली आणि त्यानंतर चर्चला आली नाही.

त्या दिवशी स्लाइड्स संपल्यावर कमिटीत उपायही निघाले होते. एलईडी भिंत, बँड, स्टेजवर धुराचं मशीन.

‘‘धुराने फायर अलार्म वाजेल,’’ मी म्हणालो.

‘‘वाजू दे की. तरुण मुलं धावत तरी येतील.’’

‘‘येतील नाही, बाहेर पळतील.’’

पाळकसाहेबांनी मलाच गाठलं. ‘‘तुमची कन्या का येत नाही, हे तिला विचारलंय कुणी?’’

मी विचारलं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, ‘‘पप्पा, तुम्हा लोकांकडे सगळी उत्तरं रेडी असतात. क्वेश्चन ऐकतं कोण?’’ मग फोन खाली ठेवून म्हणाली, ‘‘एकदा येईन. आम्ही विचारणार, तुम्ही ऐकणार. आणि कुणी माझ्यावर प्रार्थना करायची नाही. केली, तर दॅट्स इट. परत कधीच नाही.’’

पाळकसाहेबांनी उपासनेनंतर प्रश्नांची सभा जाहीर केली. वडीलधाऱ्यांनी फक्त ऐकायचं. शेवटची प्रार्थना नाही. कमिटीत हाहाकार उडाला.

‘‘शेवटची प्रार्थना नाही? मग सभा संपली हे कळणार कसं?’’

त्या रविवारी हॉल भरला. धूर नव्हता तरी भरला. पहिला प्रश्न एका इंजिनियर मुलाचा: ‘‘माझा रूममेट रमझानमध्ये दिवसभर पाणीसुद्धा पीत नाही. मी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासात, चॉकलेट सोडतो आणि इन्स्टावर टाकतो. उपास कोणाचा?’’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘हबीबी, आधी इन्स्टा सोड!’’ हशा पिकला. एक मुलगी म्हणाली, ‘‘मी विचार इंग्रजीत करते, स्वप्नं इंग्रजीत बघते. इथली प्रार्थना मला अर्धीच कळते. देवालाही माझी अर्धीच कळते का?’’ माझ्या शेजारच्या मावशींनी तोंड उघडलं आणि पदराने परत झाकलं. इतकी वर्षं या हॉलमध्ये बसलोय, पण पुढचं वाक्य काय येणार हे मला माहीत नाही असं पहिल्यांदाच होत होतं. मी खुर्चीच्या अगदी काठावर आलो होतो.

मग माझी मुलगी उभी राहिली. ‘‘आत्यासाठी तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केलीत. देवाने काय केलं याची साक्ष द्यायला तुम्ही फक्त बरे झालेल्यांना उभं करता. आमच्यासारख्यांनी कुठे उभं राहायचं?’’

हशा विरला. सेक्रेटरीकाका उठले. त्यांनी डोळे मिटले, हात छातीशी नेले, आणि सबंध हॉलच्या माना सवयीने खाली गेल्या. माझीही. डोळ्याच्या कडेने पाहिलं, एकच मान ताठ होती, माझ्या मुलीची. तिने पर्स खांद्याला लावली.

‘‘हे दयाळू...’’ काका म्हणाले आणि अडले. मी डोकं वर केलं तर त्यांचे डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत होते.

‘‘बेटा, ती बरी होईल असं मला कुणीच सांगितलं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटलं, अशा वेळी तसं म्हणायचं असतं. माझी बायको गेली तेव्हा लोक मलाही तेच म्हणाले होते. तेव्हा मलाही राग आला होता. तो कुणाला सांगायचा, ते कळलं नाही.’’

मुलगी उभीच राहिली. ‘‘मग तुम्ही देवाला काय म्हणालात?’’

‘‘काही नाही. सेक्रेटरी झालो.’’

आधी ती हसली, मग काका, आणि मग सगळा हॉल. पुढे कोण कोणाला काय विचारत होतं ते सांगता येणार नाही. मावशीसुद्धा बोलत होत्या. पाळकसाहेब सगळ्यांना बसायला सांगत होते आणि कुणी बसत नव्हतं. दार उघडून पुढच्या पाळीच्या फिलिपिनो मंडळीचा ढोलकीवाला आत डोकावला आणि घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘ब्रदर, यल्ला, अवर टाइम!’’ आमच्या मंडळीला हॉलमधून हाकलावं लागलं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

तरुण मुलं पार्किंगपलीकडच्या कॅफेटेरियाकडे निघाली. मी गाडीची किल्ली काढली.

‘‘पप्पा, तुम्ही जा,’’ मुलगी म्हणाली, ‘‘मी येईन नंतर.’’ मग वळून तिने हाक मारली, ‘‘अंकल, तुम्ही कुठे चाललात? माझं संपलेलं नाही अजून.’’

काकांनी टाय सैल केला आणि तिच्या मागे चालू लागले.