बेहड्यावरचं बिऱ्हाड

नाव : सोयराबाई. पती : नागोजी, मयत. वय : अंदाजे पंचावन्न. राहणार : शिवाजीनगर, बंगळूर. मूळ गाव : माहीत नाही, घराणे तीनशे वर्षे इथेच. धंदा : रानातली फळे आणून वैद्यास देणे. शिक्षण : निरंक. ओळखीची खूण : झाडाशी बोलते.

झाड म्हणजे कोरमंगलाच्या तळ्यापलीकडचा बेहडा. त्याच्या फळाला तूप चोळून निखाऱ्यात भाजायचं नि साल तोंडात धरायची. खोकला जातो, बसलेला घसा सुटतो. हे शास्त्रात आहे. त्याच शास्त्रात या झाडाला भूतवास असंही नाव आहे, पण ते जयतीर्थ वैद्य गिऱ्हाइकांना सांगत नसत. सोयराबाईंना मात्र पाळावं लागे. फळं काढायच्या आदल्या संध्याकाळी त्या झाडाखाली हळदीच्या अक्षता ठेवून सांगत, "उद्या येते. वर कोणी राहत असतील त्यांनी तोवर दुसरं झाड बघावं." एका रात्रीची मुदत. तीस वर्षं तक्रार नव्हती.

१९५८च्या जानेवारीत एका रविवारी सकाळी त्यांच्या एकुलत्या मुलीचा, राजलक्ष्मीचा, आवाज गेला. सोमवारी दहाला टेलिफोन एक्स्चेंजात तिची परीक्षा होती, आणि ऑपरेटरला दुसरं काही नसलं तरी चालतं, आवाज लागतो. वैद्यांची बरणी रिकामी, कारण ती भरणाऱ्या सोयराबाईच. भर दुपारी त्यांनी झाड गाठलं, अक्षता टाकल्या नि म्हणाल्या, "स्वल्प घाई आहे. आत्ताच उठा."

वारा नव्हता. तरी शेंड्यापासून खाली एकेक फांदी वाकली आणि सरळ झाली, कोणी जिना उतरावा तशी. मग काही हललं नाही. सोयराबाईंनी ओंजळभर फळं पदरात बांधली. घरी पोचेपर्यंत पदर दोन्ही हातांनी धरावा लागला.

सोमवारी राजलक्ष्मी बोलली. आवाज स्वच्छ होता, सावकाश होता आणि तिचा नव्हता. परीक्षकांनी तिचा आधीचा आवाज ऐकलेला नसल्यामुळे तिला पहिला नंबर मिळाला. वैद्यांचं मत पडलं की सालीबरोबर बी पोटात गेली असावी. बेहड्याच्या बीची नशा येते, उतरेल. नवव्या दिवशी ती दुकानात येऊन म्हणाली, "सरी, बरोबर आहे. तुमचे आजोबाही असंच म्हणायचे." वैद्यांनी मत मागे घेतलं.

सोयराबाईंना नोकरी गेली तरी चालणार होती, पोरीचा आवाज हवा होता. त्यांनी घरातच अक्षता ठेवल्या, या वेळी रीतसर, आदल्या संध्याकाळी, आणि सकाळी मुलीला घेऊन तळ्याकडे गेल्या. बेहड्याच्या जागी बुंधा होता. वीटभट्टीवाल्यांनी सांगितलं, इतकी वर्षं त्याला कुऱ्हाड लावायची भीती वाटायची. गेल्या आठवड्यात वाटेनाशी झाली.

राजलक्ष्मी बुंध्यावर बसली, त्यावरून हात फिरवला.

"दुसरं झाड बघा म्हणालीस ना, बाई? बघितलं. सोयीचं आहे."

एक्स्चेंजच्या सेवापुस्तकात कु. राजलक्ष्मी, वय एकवीस, अविवाहित, आवाज उत्तम, अशी नोंद आहे. सोयराबाई तिला अहो-जाहो करतात.