बिडीवाल्या मामांच्या दुरुस्त्या

आठवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी लागोपाठ दोन प्रकारची पुस्तकं वाचली आणि माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला, तो आज साठीला आले तरी पुरता निस्तरलेला नाही. आणीबाणी संपून दोनेक वर्षं झाली असतील.

आम्ही जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. वडील फॅक्टरीत कामाला होते. कॉलनीतल्या छोट्या लायब्ररीत किशोरांच्या कादंबऱ्यांचं एक कपाट होतं आणि मी ते वरच्या फळीपासून खालपर्यंत संपवत आणलं होतं. चार मित्र, सोबत एक कुत्रा, सुट्टीत कुणाच्या तरी काकांचा बंगला, आणि शेवटी पकडले जाणारे स्मगलर. त्या पुस्तकांवरून मी दोन गोष्टी पक्क्या धरल्या होत्या. गुन्हेगार बघताक्षणी ओळखू येतो, निदान त्याची नजर तरी भिरभिरती असते. आणि शेवटच्या प्रकरणात तो आपण होऊन सगळं सांगून टाकतो. ह्यात मला काही खोटं वाटत नव्हतं. माणसं अशीच असणार, फक्त मला अजून कुणी भेटलं नव्हतं.

सुट्टी लागली की मी आईच्या गावी जायची. भंडाऱ्याहून लाखांदूरची एसटी, आणि तिथून पुढे पायी, धानाच्या वाळलेल्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून. माझा मामा एसटीत कंडक्टर होता. त्याला वाचनाचा नाद होता, पण त्याची पुस्तकं वेगळी. भंडारा स्टँडवरचा त्याचा एक सोबती त्याला खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं वाचायला द्यायचा. मुखपृष्ठावर रक्ताळलेला सुरा आणि खाली ‘सत्य घटनांवर आधारित’ अशी ओळ. मामी ती पुस्तकं उतरंडीमागे ठेवायची, म्हणजे मला सापडणार नाहीत. मला ती दुसऱ्याच दिवशी सापडली.

मी एक पुस्तक उघडलं आणि पहिल्याच गोष्टीत अडले. खोलीत फक्त खुनी आणि मरणारा माणूस, दारं बंद. आणि लिहिलं होतं की खुनी गालातल्या गालात हसला. मी संध्याकाळी मामाला विचारलं की तो हसला हे बघितलं कुणी? मामा चप्पल काढत होता. तो म्हणाला, लिहिणाऱ्याने लिहिलं. मी म्हटलं, पण हे तर खरं आहे ना? त्यावर त्याने, खरं म्हणजे घडलेलं खरं, हसणं वरून टाकलेलं, असं काहीसं सांगितलं. मग वरून टाकलेलं कुठलं आणि घडलेलं कुठलं हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं, असं विचारल्यावर तो जेवायला बस म्हणाला.

पुस्तकातली सहावी की सातवी गोष्ट लाखांदूरकडच्या एका गावची होती. नावं बदललेली होती. गावाच्या उगवतीला बोडी, म्हणजे लहान तलाव. तिच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मोहाचं मोठं झाड. तिथेच राहणारा एक बिड्या वळणारा माणूस आणि त्याची बायको. त्याचं दुसरीवर मन बसतं, म्हणून तो बायकोला बोडीवर नेतो आणि पाण्यात दाबून धरतो. शेवटी जन्मठेप.

मी पुस्तक घेऊन अंगणात आले. समोर पाळ दिसत होती आणि पाळीवर मोहाचं झाड होतं. झाडाखालच्या घराच्या ओसरीत एक माणूस मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसला होता. आईच्या गावचे सगळे पुरुष आम्हाला मामाच. त्यांना मी लहानपणापासून बिडीवाले मामा म्हणत आले होते. मध्ये काही वर्षं ते दिसले नव्हते. बाहेरगावी कामाला गेलेत असं मला सांगितलं होतं.

मामाला ते पान दाखवलं तेव्हा तो आधी रागावला आणि मग खाली बसून त्याने सगळं सांगितलं. शिक्षा झाली होती हे खरं. तीन वर्षांनी वरच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, हेही खरं. पुस्तक मधल्या काळात छापलेलं होतं.

“मग त्यांनी केलं की नाही केलं?” मी विचारलं.

“कोर्टानं सोडलं ना त्याले,” मामा म्हणाला.

आतून मामी म्हणाली की ती बाई मिरगीची होती, पाण्याशी गेली आणि झटका आला असेल. मामा म्हणाला की मिरगीचं नाव वकिलाने काढेपर्यंत गावात कुणी ऐकलं नव्हतं. मामी म्हणाली, बायांनी ऐकलं होतं. दोघं एकमेकांकडे न बघता बोलत होते. त्यांच्यात हे बोलणं आधी पुष्कळदा झालेलं असावं.

मी काय केलं असेल? कादंबऱ्यांमधली मुलं करतात तेच. एक वही घेतली आणि त्यांच्यावर पाळत ठेवली. दुपारभर मोहाच्या सावलीत पुस्तक उघडून बसायचं आणि डोळे त्यांच्या ओसरीकडे. वहीत लिहिलं ते अजून आठवतं. नजर स्थिर आहे. कुत्र्याला हाकलत नाहीत. कापून उरलेली तेंदूपानांची टोकं शेजारच्या शेळीला टाकतात, शेळी ती खात नाही, तरी रोज टाकतात. ह्यातून काय निघतं ते काही कळेना.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

“काय वाचून राहिली, बाई?”

मी म्हटलं, गोष्टी. त्यांनी पत्र्याचा नमुना पानावर ठेवला आणि कात्रीने त्याच्या कडेने पान कापलं. मग विचारलं, “माही आहे काय त्यात?”

मला खोटं बोलता आलं नाही. त्यांच्यावर कुठल्याशा पुस्तकात छापून आलंय हे त्यांनी तुरुंगातच ऐकलं होतं. पण ते शाळेत गेलेले नव्हते, आणि वाचून दाखव असं म्हणावं असं कुणी गावात नव्हतं. मला ते म्हणाले, “वाचून दाखव.”

मी ओसरीच्या पायरीवर बसले आणि वाचायला लागले. त्यांचे हात चालूच होते. पान, तंबाखू, वळणं, टोक दुमडणं, दोरा. पहिल्या परिच्छेदात ती बाई गोरीपान, हिरव्या लुगड्यातली, कपाळावर ठसठशीत कुंकू ल्यालेली होती.

“ती गोरी नव्हती,” ते म्हणाले. “माह्याहून काळी होती. अन् लुगडं जांभळं होतं.”

मी पुढे वाचायला लागले, तर त्यांनी थांबवलं. “लिहून ठेव ना तिथं. पेन आहे ना तुह्यापाशी.” माझ्या हातात वहीसोबतचं पेन होतं. पुस्तक मामाच्याही मालकीचं नव्हतं, तरी मी हिरवं खोडून जांभळं केलं आणि गोरीपान खोडून काळी केलं. कुंकवापाशी ते म्हणाले की ती कुंकू लावतच नव्हती, आपल्या वस्तीतल्या कोणत्याच बाईने बुद्धाचा धम्म घेतल्यानंतर ते परत लावलं नाही. मी ती ओळही खोडली.

असं आम्ही पानापानाने गेलो. बोडीत कमळं होती असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी शिंगाडे लिहायला लावलं. ते त्या संध्याकाळी पळून गेले असं होतं, तिथे म्हणाले, मी कुठं पळालो, मीच तर तिले बाहेर काढली. एके ठिकाणी ती बाई म्हणते, “नाथ, माझा काय अपराध?” ते वाचल्यावर त्यांचे हात थांबले. मला वाटलं आता रडतील, पण ते हसले. अगदी थोडं, नाकातून.

“ती असं बोलेल काय? ती मले ‘का जी’ म्हणे. ‘का जी, येता काय जेवाले.’ असं.”

मी तिथे ‘का जी’ लिहिलं. बाकीच्या वाक्याचं काय करायचं ते दोघांनाही सुचलं नाही.

पुढचं पान पाण्यात दाबून धरण्याचं होतं. मी दोन पानं एकदम उलटली.

“मधलं राहिलं,” ते म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पानं उलटण्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. मग मी ते वाचलं. हातांचं, केसांचं, बुडबुड्यांचं सगळं होतं त्यात. मी वाट पाहत होते की आता ते म्हणतील, हे खोटं आहे, हे खोड. पूर्ण पान खोडायला मी पेन उघडून धरलं होतं.

ते म्हणाले, “पाणी एवढं नव्हतं. धान कापून झाले होते, बोडी उतरली होती. गुडघ्याएवढं होतं.”

मी ‘अथांग’ खोडलं आणि ‘गुडघ्याएवढं’ लिहिलं. लिहिता लिहिता मला कळेना की ह्याने त्यांची बाजू बळकट झाली की लंगडी. गुडघाभर पाण्यात कुणी आपोआप कसं मरेल? पण मिरगी असेल तर मरेलही. आणि खरोखर काही लपवायचं असतं, तर हे त्यांनी मला सांगितलं असतं कशाला?

मला राहवलं नाही. मी विचारलं, “मामा, मग ती कशी गेली?”

ते दोरा गुंडाळत होते. गाठ मारून झाली, बिडी सुपात गेली. “वरच्या कोर्टानं सोडलं मले,” ते म्हणाले. मग, “पुढं वाच.”

पुढे फक्त शिक्षेचं अर्धं पान उरलं होतं. त्यात त्यांनी काहीच बदललं नाही. शेवटी एकच म्हणाले, की पुस्तकात तिचं जे नाव आहे ते तिचं नाही, खरं लिही. आणि त्यांनी नाव सांगितलं. ते मी त्या गोष्टीत जिथे जिथे तिचं खोटं नाव होतं तिथे तिथे लिहिलं. त्याला बराच वेळ लागला. त्यांचं स्वतःचं नावही त्यात बदललेलं होतं. ते लिहू का असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

मामीने मला त्या पायरीवरून उतरताना बघितलं. घरी आल्यावर हात उगारला नाही, पण दुसऱ्या दिवशी मामाबरोबर पहिल्या गाडीने मला जवाहरनगरला पाठवून दिलं. मामाने गाडीत ते पुस्तक चाळलं. निळ्या पेनाच्या खाडाखोडी बघून तो काही बोलेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. त्याने ती गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली आणि पुस्तक पिशवीत टाकलं. भंडाऱ्याला ते त्याने तसंच सोबत्याला परत दिलं. पुढे ते कुणी कुणी वाचलं आणि जांभळ्या लुगड्याचं त्यांनी काय केलं, देव जाणे.

सुट्टी संपायच्या आधी मी लायब्ररीतून एक नवी किशोर कादंबरी आणली. दुसऱ्याच पानावर भिरभिरत्या नजरेचा रखवालदार आला. पुढे वाचवेना. त्याची बायको आहे का, ती त्याला काय म्हणून हाक मारते, असलेच प्रश्न मला पडायला लागले, आणि चार मित्रांना तर ह्यातलं काहीच विचारायचं नव्हतं. लायब्ररीतले काका पुस्तक परत घेताना म्हणाले, इतक्या लवकर संपलं? मी म्हटलं, संपलं नाही, जमत नाही. ते म्हणाले की मग आता मोठ्यांचं कपाट बघ. मी बघितलं. तिथेही खऱ्या गुन्ह्यांच्या पुस्तकांची एक रांग होती. ती मी ओलांडून पुढे गेले, मग परत आले, आणि एक घेतलंच. ते का घेतलं हेही मला सांगता येणार नाही.

ह्यानंतर सहा-सात वर्षांनी मामाच्या मुलीचं लग्न होतं. मी तेव्हा भंडाऱ्याला डी.एड. करत होते. विहारासमोर मांडव घातला होता आणि लग्न लागल्यावर पंगती बसल्या. भाताचं घमेलं घेऊन बिडीवाले मामा वाढत होते. केस पांढरे झाले होते, बाकी तेच. रांगेतली माणसं आपापली पत्रावळ पुढे सरकवत होती, कुणी भात अजून वाढा म्हणत होतं, कुणी पुरे म्हणत होतं. कुणाच्या चेहऱ्यावर काही वेगळं दिसतंय का हे मी बघत होते. दिसलं नाही. किंवा मला ओळखता आलं नाही.

माझ्यापाशी आल्यावर ते थांबले. “अजून वाचतेस काय?”

मी म्हटलं, “वाचते.”

त्यांनी मान हलवली, पत्रावळीवर भात टाकला, आणि शेजारच्या बाईकडे वळले. मी भाताकडे बघत राहिले. मागून मामी वरण घेऊन आली आणि म्हणाली की खड्डा कर, नाहीतर वाहून जाईल. मी भातात खड्डा केला.