पॅनलखालचं गवत

आमच्या गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गुरं चारायच्या रानात, सोलर प्लँट झाला. भोवती जाळीचं कुंपण पडलं आणि शेतीला दिवसा वीज आली. माझे यजमान आता रात्री ओलिताला जात नाहीत. त्या विजेला मी नावं ठेवणार नाही.

अडचण झाली ढोरक्याची. गावाची गुरं तोच चारायचा. सकाळी आम्ही आपापली गुरं गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आखरावर सोडायचो आणि तो ती रानात न्यायचा. आता तो रस्त्याच्या कडेने फिरायचा. गुरं कोणाच्या सोयाबीनमध्ये तोंड घालायची आणि शिव्या तो खायचा. पारावरचे लोक वर चिडवायचे, "आता पॅनलच चार. हाकलाले नको, का शेण उचलाले नको."

मला अडलेलं काम तसंच ठेवता येत नाही. पॅनल धुतलेलं पाणी खाली पडून आत गुडघाभर गवत वाढलं होतं. मी गेटवर जाऊन सुपरवायझरला म्हटलं, आम्ही बाया विळ्याने कापून नेतो, तुमचीही सफाई होईल. बाहेरगावचा भला मुलगा होता. त्याने गवताचे फोटो काढून वर विचारलं. वरून उत्तर आलं की आत वायरी आहेत, कोणाला काही झालं तर जबाबदार कोण? तेही चूक नव्हतं. मग मी कमी माणसं, ठरलेला दिवस, सोबत त्यांचा माणूस, असं सगळं कागदावर मांडून दिलं. त्याने तेही पाठवलं.

ढोरकी रोज संध्याकाळी गुरं परत आणताना विचारायचा, "वयनी, गेट उघडून राह्यले का?"

उद्या विचारते, असं मी सांगायची.

एका सकाळी आत पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसली. गवताची सावली पॅनलवर पडते म्हणून तणनाशक मारत होती. सुपरवायझर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, वरून फवारणीचंच आलं." आठवड्यात सगळं गवत पिवळं पडलं.

त्यानंतर ढोरकी आमच्या दोन्ही गाई घेऊन थेट गोठ्यात आला. त्याने स्वतःच दावी बांधली.

"घरीच ठेवा, वयनी. मी नेऊ तं कोठी नेऊ?"

मी म्हटलं, थोडं थांबा, सरपंचांशी बोलते, नाल्याकाठची पट्टी मागू. त्याने ऐकून घेतलं. नाल्याकाठी काय उरलंय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"बोला," तो म्हणाला आणि काठी घेऊन निघून गेला.

आता मी गाईंना विकतचं कुटार, म्हणजे भुसा, घालते. गोठा झाडायला दावं सोडलं की थोरली गाय निघते आणि आखरावर जाऊन उभी राहते. तिथे दुसरं जनावर नसतं. मी मागून जाऊन दावं धरते. पहिल्या ओढीला ती हलत नाही, म्हणून मीही तिच्याजवळ थोडा वेळ उभी राहते.