डॉक्टरांची धूर सोडणारी टर्बो

माझ्या बायकोला नावाने हाक मारणारं माणूस आता फारसं उरलेलं नाही. सगळे तिला सिस्टर म्हणतात. मीही म्हणतो, विशेषतः काही मागायचं असलं की. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, सुया देणं हे तिचं काम. ती येऊन गेली की रोग्याला बरं वाटतं आणि घरच्यांना ओरडा बसतो. रोग्याला हात लावण्याआधी ती तळवे एकमेकांवर चोळून गरम करून घेते. घरी आली की मात्र तेच हात गारेगार माझ्या मानेवर ठेवते आणि हसते. लग्न झाल्यापासून मी हे सोसतो आहे.

मी निवृत्त झालो विम्याच्या कचेरीतून. आयुष्यभर ठोकलेल्या, जळलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासल्या. त्यामुळे रस्त्याने धडधाकट गाडी जाताना दिसली तरी ही कुठून चेपेल, हेच मला आधी दिसतं. बाबांना घेऊन गाडी खरेदीला जाऊ नये, असं आमची मुलगी म्हणते. तिचं काही चुकत नाही.

पण जावं लागलं, कारण सिस्टरच्या लहान गाडीने मान टाकली. आमचं घर टेकडीच्या निम्म्या चढावर आहे आणि तिचे बरेचसे रोगी आणखी वर, माथ्याकडे. शेवटच्या वळणाला गाडी रडायला लागायची. मग सिस्टर ती बाजूला लावायची, बॅग खांद्याला अडकवायची आणि उरलेला चढ पायी चढायची. गाडीवर कधी चिडली नाही. "दमली बिचारी," म्हणायची. मी दमलो म्हटलं तर मला कुणी बिचारा म्हणत नाही, हे आपलं जाता जाता सांगितलं.

त्यातच तिच्या कार्यालयातून निरोप आला. ज्यांच्याकडे भरवशाची गाडी नाही त्यांनी यापुढे आत बसून नोंदणीचं काम बघावं, आणि टेकडीवरच्या रोग्यांनी खाली दवाखान्यात यावं. त्या संध्याकाळी तिने घरात कुणावरही आवाज चढवला नाही. मी घाबरलो.

"वरची माणसं खाली येऊ शकली असती, तर मला वर कशाला पाठवलं असतं?" भांडी पुसता पुसता ती एवढंच बोलली.

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. तेवढ्यात कळलं, की पायथ्याशी राहणारे आमचे जुने डॉक्टर त्यांची गाडी विकताहेत. त्यांची नजर अधू झाली होती, गाडी चालवणं सुटलं होतं. गाडी जुनी, डिझेलची, पण टर्बोवाली. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक लहानसं चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्यामुळे चढावर ही गाडी धापा टाकत नाही.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "धूर सोडते. शिट्टीही वाजवते. आधी मिस्त्रीला दाखवा, मग बोलू," म्हणाले आणि चावी सिस्टरच्या हातावर ठेवली.

आम्ही तशीच ती टेकडीवर नेली. शेवटच्या वळणावर सिस्टरने पाय दाबला आणि गाडी सरळ माथ्यावर. सिस्टर शाळकरी मुलीसारखी खिदळली. ती पुढचा रस्ता बघत होती, मी आरशात मागचा निळा धूर बघत होतो. आमच्या संसाराचं साधारण असंच आहे.

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, तेव्हा सिस्टरला काय वाटलं कोण जाणे, तिने बॅगेतून स्टेथोस्कोप काढला, कानाला लावला आणि चालू इंजिनावर टेकवला.

"बोला सिस्टर, खोकला आहे की दमा?" मिस्त्रीने विचारलं.

"चेष्टा नको. आत खरखर आहे. इथे नाही, या बाजूला."

मिस्त्रीने गाडी बंद केली, निवू दिली आणि त्या बाजूचा रबरी पाइप काढला. आतून तेल ओघळलं. मग त्याने दोन बोटांनी चक्राचा दांडा धरून हलवला. दुधाच्या दातासारखा डुगडुगत होता.

"टर्बो गेला, साहेब. इंजिन मात्र ठणठणीत आहे. टर्बो बदलला तर गाडी अजून पुष्कळ चालेल."

"पण गेला कशाने?" मी विचारलं. जुनी खोड.

"चढ चढून आल्यावर हा भाग लालबुंद झालेला असतो. तेव्हा मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवायची. तिला जरा दम खाऊ द्यायचा, मग बंद करायची. लगेच बंद केली की तेल फिरायचं थांबतं आणि आतल्या आत करपतं. या मालकाने दम खाऊच दिलेला नाही. आला की बंद, आला की बंद."

माझं तिथल्या तिथे ठरलं. एका ठिकाणी हयगय दिसली की बाकीच्या ठिकाणीही ती असणारच, याच हिशेबाने मी आयुष्यभर काम केलं होतं. "नको ही गाडी," मी म्हणालो. सिस्टरने स्टेथोस्कोप गुंडाळून बॅगेत ठेवला आणि चेन लावली. ती वाद घालत नाही तेव्हा मला फार जड जातं.

चावी परत द्यायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांची बसायची खोली अजून दवाखान्यासारखीच होती. भिंतीला बाक आणि कोपऱ्यात वजनाचा काटा. सिस्टर बाकावर टेकली. मी मिस्त्रीने सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि तोंडात आलंच होतं म्हणून विचारलंही, "मिनिटभर चालू ठेवायची असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं की, घेतली तेव्हाच." डॉक्टर जरा ओशाळले. "घरी परत आलो की मी ठेवायचो चालू, अगदी न चुकता. रोग्याच्या दारात मात्र कधी जमलं नाही. त्यात तुमचा तो चढ. नुसत्या हँडब्रेकवर गाडी तिथे थांबायची नाही, गिअरमध्ये टाकून बंदच करावी लागायची. आत कुणाचा तरी जीव घुसमटतोय आणि मी बाहेर गाडी निववत बसू, असं कसं चालेल?"

ते कुणाबद्दल खास असं बोलत नव्हते. पण मी उभा होतो तो खाली बसलो.

आमच्या अंगणातल्या झाडाची फांदी छाटताना एकदा मला गांधीलमाश्या डसल्या होत्या. बघता बघता गळा सुजला. सिस्टर कामावर होती आणि औषधाची बॅग तिच्याबरोबर. मुलीने डॉक्टरांना फोन केला. मी पायरीवर आडवा पडलो होतो, श्वास आत जायला तयार नव्हता. तेवढ्यात चढावरून गाडी गर्जत येताना ऐकू आली आणि दाराशी येऊन एकदम गप्प झाली. मग धावणारे बूट. मग मांडीत सुई. उठून बसता आलं तेव्हा मला फाटकातून ती गाडी दिसली होती. चालकाचं दार सताड उघडं, रस्त्याच्या बाजूला. जिवावरचं टळलेला मी तेव्हा काय विचार करत होतो, तर एखादा ट्रक ते दार उडवून नेणार आणि विम्याला नसती कटकट होणार!

मिस्त्रीने सांगितलेल्या त्या करपलेल्या तेलात माझंही एक मिनिट होतं. मीच त्याला हयगय म्हणून आलो होतो. मला भरून आलं.

"डॉक्टर, मी तुमचे आभार मानले होते का हो तेव्हा?"

"कधी?"

"गांधीलमाश्या."

"त्या तुम्हाला डसल्या होत्या होय? मी इतके दिवस समजत होतो, तुमच्या शेजाऱ्यांना."

सिस्टर पदराआड हसली, मग तिचे डोळेही भरले. मी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि व्यवस्थित, शब्दांत आभार मानले. त्यांना ते फारसं कळलं नसावं. मग मी बायकोकडे वळून म्हणालो, "गाडी घेऊ या. टर्बो बदलून घेऊ."

"नको," सिस्टर म्हणाली.

गाडी तिला किती हवी होती, ते मी चढावर पाहिलं होतं.

"नवा टर्बो बसवू आणि मी काय करीन? हेच," ती म्हणाली. "आतून कण्हणं ऐकू आलं की मी बाहेर बसून राहणारी बाई आहे का? पुन्हा तेल करपणार, पुन्हा धूर. मग गाडीही जाईल आणि वरची माणसंही. त्यापेक्षा नोंदणीच्या टेबलावर बसते मी."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. डॉक्टरांना जे कधी जमलं नाही, ते हिला जमलं नसतं. आणि जमावं असं मलाही वाटेना. मग ज्याला घाई नाही असा माणूस घरात कोण आहे, ते माझ्या लक्षात आलं.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो. "तू चालव, ती वळणं मला झेपायची नाहीत. पोचलो की तू पळ. मी पाय टाकून ब्रेक धरतो आणि मिनिटभराने बंद करतो."

"रोज?"

"रोज."

"आणि तेवढा वेळ गप्प बसाल? कुठे चरा पडलाय, कुठे गंजलंय, काही बोलणार नाही?"

"मिनिटभर नक्की."

डॉक्टर इतके हसले की त्यांना खोकला आला. सिस्टर उठली आणि सवयीने त्यांची पाठ चोळायला लागली. आधी तळवे चोळले, मग पाठ.

नवा टर्बो बसला. पहिल्या दिवशी माथ्यावरच्या एका घरापाशी थांबलो, तर आतून म्हातारीचा कण्हण्याचा आवाज बाहेर येत होता. मी पलीकडून पाय नेऊन ब्रेक दाबला, तोपर्यंत सिस्टर बॅगेसकट फाटकाच्या आत. मी अवघडत तिच्या जागेवर सरकलो. इंजिन चालू होतं. घड्याळाचा सेकंदकाटा बघत बसलो आणि प्रथमच कळलं, मिनिट किती लांब असतं. एवढ्या वेळात मी त्या पायरीवर सहज संपलो असतो.

आतलं कण्हणं थांबलं. सिस्टरचा आवाज आला, ती घरातल्या कुणाला तरी झापत होती. मिनिट भरलं तशी मी गाडी गिअरमध्ये टाकून बंद केली. तिच्या बाजूचं दार रस्त्यावर सताड उघडं होतं. ओढून घ्यायला हात नेला, आणि तसाच मागे घेतला.