धुतलेली सागोती

माझं बालपण पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीत गेलं. बाबा तिथे कारकून होते आणि नोकरीतून उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. लिहायचे, स्वतःच्या पैशाने छापून आणायचे आणि वाटायचेही. स्वस्त गुलाबी कागद, बोटांना लागणारी शाई. आई घड्या घालायची, ताई गठ्ठे बांधायची, आणि मी सगळ्यांत लहान म्हणून नुसती वाचत बसायचे. 'बंधू-भगिनींनो' हा मला न अडखळता वाचता आलेला पहिला मोठा शब्द.

त्यातलं एक पत्रक मला तोंडपाठ होतं. बाबांनी ते स्वतःच्या आईवर लिहिलं होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती गावातल्या मोठ्या घरांच्या मागच्या दारी उभी राहायची. आतून कोणीतरी यायचं आणि उरलंसुरलं तिच्या टोपलीत वरून टाकायचं. टोपली तिचीच असायची, कारण त्या घरातलं भांडं तिच्या हाती गेलं तर ते परत आत घेत नसत. पुढे आमच्या माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ठरवलं, की आता कोणाच्या मागच्या दारी जायचं नाही. आजीने टोपली चुलीत घातली. पत्रकाचा शेवट होता: 'उरलेलं अन्न आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.'

आमच्या घरात हा नियमच होता. लग्नाच्या जेवणानंतर कोणी डबा भरून द्यायला लागलं की बाबा हसून हात जोडायचे. मी त्यांच्याहून कडक निघाले. कॉलेजात असताना एका मैत्रिणीने वाढदिवसाचा उरलेला केक आणून दिला, तर मी तिला टोपलीची सगळी गोष्ट ऐकवली. ती रडली. मला तेव्हा वाटलं, विचार पोचला.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही रत्नागिरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. समोरच्या दारात काकू राहतात. त्या मूळ सावर्ड्याच्या. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हाच त्या पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पंख्याचा आवाज येतो का एवढं विचारलं. तरी मी मनात त्यांच्यावर एक डोळा ठेवून होते. कोणीही चांगलं वागलं की मी वाट बघत बसते, हे कधी संपतंय त्याची.

गेल्या गणपतीत आई मुंबईला होती, ताईच्या बाळंतपणासाठी. इकडे बाबांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. पेज दिली की दोन चमचे घेऊन वाटी बाजूला सारायचे. खिचडी केली तर तिच्याकडे बघून म्हणायचे, "ठेव, मग खातो." ते 'मग' काही यायचं नाही. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. मला भाषण करता येतं, लेख लिहिता येतो. स्वयंपाक मात्र वसतिगृहात शिकले तेवढाच. त्यांच्या पोटात काही जात नव्हतं आणि मी रोज त्यांची भरलेली ताटं उचलत होते.

काकू गौरीसाठी सावर्ड्याला गेल्या होत्या. विसर्जन आटोपून परत आल्या आणि स्वतःच्या घरात पिशवी टेकवण्याआधी त्यांनी आमची बेल वाजवली.

"काय गो, बापूस जेवला काय?"

"नाही काकू. पेजसुद्धा नको म्हणतात."

"पेज देतेस तू त्याला अजून? माणूस हाय का वासरू?" त्यांनी पिशवीतून आइस्क्रीमचा जुना प्लास्टिकचा डबा काढला. झाकणाला रबर लावलेलं. "घे. सागोती हाय कोंबडीची. एसटीत सांडंल म्हणून ह्यात भरली. दोनदा कढवलीय, खराब व्हायची नाय. डबा परत नको देऊस, टाकून दे."

त्यांच्याकडे गौरीला तिखटा सण असतो. मखरातल्या गणपतीपुढे पडदा ओढतात आणि गौरीला कोंबडी-वड्यांचा नैवेद्य दाखवतात. म्हणजे ही सागोती सणाची, उरलेली. एवढं मला लगेच कळलं. आणि त्या जे काही बोलल्या त्यातलं मी फक्त शेवटचं ऐकलं. डबा परत नको देऊस. एसटी ऐकली नाही, सांडंल ऐकलं नाही. मला आजीची टोपली दिसली.

नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, अनेकदा बोलून गुळगुळीत झालेलं. तेवढ्यात आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला, पोकळ, रिकाम्या पिंपातून यावा तसा. मी डबा घेतला. "थँक्यू काकू" म्हणाले आणि दार लावलं. कडी नीट बसली नाही, ते माझ्या लक्षात आलं नाही.

आता प्रश्न बाबांचा. सागोती तशीच वाढली असती तर पहिल्या घासाला त्यांनी ओळखली असती. आई वाटपाला खोबरं लालसर भाजते, काकू पार काळपट भाजतात, आणि त्यांच्या मसाल्याला बडीशेपेचा वास असतो. बाबांनी विचारलं असतं आणि मला सांगावं लागलं असतं. तेव्हा मला पास्त्याची आठवण झाली. ताईने मुंबईहून आणलेलं शंखांच्या आकाराचं एक पाकीट कपाटात पडून होतं. पांढऱ्या सॉसमध्ये काय, कोणाचीही कोंबडी खपेल. मी सागोती चाळणीत ओतली आणि नळ सोडला.

तेल सुटलं, वाटप सुटलं, सिंकमध्ये लाल-काळा गाळ फिरायला लागला. मी एकेक तुकडा बोटांनी चोळत होते. मसाला चरांमध्ये शिरलेला, पटकन निघेना, म्हणून कोमट पाणी घेतलं. मांस पांढरं दिसायला लागलं तसं मला बरं वाटायला लागलं. आता ते कोणाच्याही घरातलं नव्हतं.

"वडे पिशवीतच राह्यले गो माझ्या—"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात वर्तमानपत्राची पुडी.

त्यांनी चाळणीकडे पाहिलं, मग सिंककडे.

"धुतलंस?"

"बाबांना तिखट..." मी म्हणाले. "डॉक्टरांनी तिखट नको सांगितलंय."

डॉक्टरांनी सांगितलंही होतं, तरी ते खोटं होतं.

"हां," काकू म्हणाल्या. त्यांनी वडे ओट्यावर ठेवले. जाळीत अडकलेल्या वाटपाकडे बघत राहिल्या. "पाट्यावरचं होतं," एवढं म्हणाल्या, कोणाला तरी पत्ता सांगावा इतक्या साध्या आवाजात, आणि गेल्या. दार त्यांनी हलकेच ओढून घेतलं.

मी नळ बंद केला. हात थांबवता येईनात म्हणून हाडांवरून मांस सोडवायला घेतलं, आणि तेव्हा पहिल्यांदा तुकडे नीट पाहिले. दोन्ही तंगड्या होत्या. काळीज होतं. मान नव्हती, पाठ नव्हती, पंख नव्हते. आमच्याकडे कोंबडी शिजली की ताई आणि मी तंगडीवरून हातघाईवर यायचो. आई एकीला आज आणि दुसरीला पुढच्या वेळी असा न्याय करायची. उरलेल्यात तंगडी कधीच नसते. काकूंच्या सावर्ड्याच्या घरी सणाला पोरंबाळं भरलेली असतात. कोणाच्या तरी ताटाजवळून, कोणाचा तरी रुसवा झेलून, त्यांनी या तंगड्या पातेल्यातून आधीच काढून ठेवल्या असणार.

बाबांच्या दुसऱ्या एका पत्रकात होतं, की आमच्या हातून आलेली वस्तू लोक पाणी मारून घरात घ्यायचे. नाणं असो, लाकडाची मोळी असो. ते वाचताना लहानपणी माझे कान तापायचे. आता माझ्या चाळणीत एका बाईच्या हातचं अन्न होतं, स्वच्छ धुतलेलं, आणि तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कान तसेच तापले होते.

स्वयंपाक तरी करायलाच हवा होता. शंख उकडून घेतले. लोण्यावर लसूण परतला, मैदा भाजला, हळूहळू दूध घातलं. गुठळ्या झाल्या, त्या चमच्याने मोडल्या. चीज किसलं, चिमूटभर मिरपूड टाकली, कोंबडीचे रेषे सोडले. वास खरंच चांगला येत होता, आणि त्याचीही लाज वाटत होती.

बाबा उशीला टेकून बसले. "हे काय?"

"पास्ता."

"शिंपले उचलून आणलेत की काय भाट्याच्या किनाऱ्यावरनं?" त्यांनी एक चमचा घेतला. मग दुसरा. मी समोर बसून त्यांचा घसा वरखाली होताना बघत होते. "मऊ आहे. बरं लागतंय." चमचा चालूच होता. "कोंबडी आहे यात. कुठनं आणलीस?"

"बाजारातून."

"छान. आईला फोन कर. म्हणावं, पोरगी शिकली." त्यांनी रिकामी थाळी पुढे केली. "आहे का अजून?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी काही मागितलं होतं. त्या क्षणी गप्प राहिले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण ते माझं कौतुक करत होते, आणि ते मला सहन होईना. मी थाळी भरून आणली आणि ती हातातच धरून म्हणाले, "समोरच्या काकूंनी दिलीये. गौरीची. उरलेली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही खाल्ली नसती म्हणून सांगितलं नाही."

"मला विचारलंस?"

"नाही." मग बाकीचंही बाहेर पडलं. "कळू नये म्हणून मी ती धुतली. नळाखाली. मसाला सगळा काढून टाकला. आणि काकूंनी ते बघितलं."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ते बराच वेळ चादरीवरचा दोरा ओढत राहिले.

"मी मागच्या दाराबद्दल लिहिलं होतं," ते म्हणाले. "त्या कुठल्या दारानं आल्या?"

"फ्लॅटला एकच दार असतं, बाबा."

"वाद घालू नकोस." आवाज बारीक होता, पण तो पोफळीतला होता, गठ्ठे मोजतानाचा. "यातलं थोडं त्यांना देऊन ये. आणि काय केलंस, का केलंस, ते सांग. दे इकडे माझी थाळी."

थाळी घेऊन ते खायला लागले. मी आमच्या स्टीलच्या वाटीत पास्ता घेतला, चमचा ठेवला आणि समोरची बेल वाजवली. वाटी काकू घेतील की नाही, हा प्रश्न तेव्हाही माझ्या डोक्यात आला. इतकं होऊनही आला.

काकूंनी वाटी घेतली. दारातच उभं राहून, आमच्याच चमच्याने, खाल्लं. शंख चावताना कपाळाला आठी पडली.

"फिकं हाय गो."

"हो."

"पण मऊ हाय. जेवला काय?"

"दोनदा घेतलं."

"दोनदा?" त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं बघ. आजारी माणसाला तिखटजाळ सागोती देतं काय कोण? धुतलंस ते बरं केलंस. मला मेलीला एवढं कळू नये?"

"काकू, तसं नाही. मी धुतलं ते—"

"गप गो. मला आधी सांगायचंस ना, तिखट नको म्हणून. मी कायतरी भलतंच मनात घेऊन बसले होते."

भलतंच म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्यांच्या मनातलं ते भलतंच बरोबर होतं, आणि ते निघून गेल्यावर त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की हसत होत्या. पुढचं वाक्य माझ्या घशाशी होतं. सभांमध्ये माईक हातातून सुटत नाही म्हणून माझी चेष्टा होते, आणि तिथे, दोन दारांमधल्या त्या चार फरश्यांवर, मला ते बोलता आलं नाही. मी म्हणाले, "हो काकू. तिखटच होतं." गप्प बसणाऱ्यांविरुद्ध मी आजवर बरंच लिहिलं आहे.

बाबा आता बरे आहेत. चालायला जातात, नव्या पत्रकाचा मजकूर लिहितात, आणि त्यांना पूर्वीसारखंच झणझणीत लागतं. पण काकूंच्या डोक्यात पक्कं बसलंय, की या घराला तिखट चालत नाही. त्यांच्याकडे कोंबडी शिजली, कोलंबी शिजली, की एक वाटी आमच्याकडे येते. "तुमचं वेगळं काढलंय हां, बिनतिखटाचं," त्या दारातून सांगतात. वाटी स्टीलची असते, आणि परत जाताना तिच्यात आमच्याकडचं काहीतरी असतं. बाबा तो पिवळट रस्सा भातावर घेतात, मुकाट्याने संपवतात आणि मला विचारतात, "सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग तूही हेच खा," असं म्हणून वाटी माझ्याकडे सरकवतात.

मी खाते. काकूंच्या ओट्यावर आता अशा दिवशी दोन पातेली असतात, एक त्यांचं आणि एक आमच्यासाठी वेगळं. ते दुसरं पातेलं त्यांना मी मांडायला लावलंय.