तक्त्यातली एकटी बाई

कुमुद देवस्थळी दिल्लीतच वाढलेली, तिथल्याच एका संशोधन संस्थेत नोकरीला. १९९४ साली फरीदाबादच्या कारखान्यांत बायकांना होणाऱ्या मारहाणीची पाहणी तिच्याकडे आली. बायका तोंड उघडायला घाबरत. नाव कुठेही येणार नाही, असा शब्द देऊन तिने त्यांना बोलतं केलं.

नाव आलंही नाही. पण संस्थेचे संचालक दिनकरराव यांनी कच्चा अहवाल मालकांच्या बैठकीत वाटला. त्यातल्या एका तक्त्यात होतं : पॉलिश विभाग, विधवा, ठेकेदाराकडून मारहाण, संख्या एक. त्या विभागात विधवा एकटी रामरतीच होती.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी तिला फाटकासमोर केसांना धरून ओढलं आणि लोखंडी सळईने झोडपलं. हात मोडला, कानातून रक्त वाहायला लागलं.

इस्पितळात रामरतीने कुमुदला विचारलं, "दीदी, नाम तो नहीं लिखा था ना?"

"नहीं लिखा था."

इस्पितळातून कुमुद तशीच ऑफिसात गेली. "सर, विभागवार आकडे काढून टाका. सगळे कारखाने एकत्र दाखवा."

"मग अहवालात उरणार काय, कुमुद?"

"तिचा कान गेलाय, सर."

दिनकररावांनी अहवालाची प्रत तिच्यापुढे सरकवली. म्हणाले, "बदल. तूच बदल सगळं."

बाकीच्या बायकांना सावध करायला कुमुद त्यांच्या वस्तीत गेली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच ठेकेदाराच्या तिघा माणसांनी तिला घेरलं.

"और किस-किसने मुँह खोला?"

"याद नहीं."

एकाने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पुढचे दात तुटून तोंडात आले. "बोल!" पोटात लाथ बसली. कुमुदला एकेक चेहरा लख्ख आठवत होता. रक्त थुंकत ती पुन्हा म्हणाली, "याद नहीं."

आरडाओरडा ऐकून घराघरांतून बायका धावत आल्या. हाताला लागेल ती वीट त्यांनी भिरकावली. एकाचं कपाळ फुटलं, तसे तिघेही पळाले.

अहवाल छापून आला. त्यावरून कोण बोललं, हे मालकांना शोधता आलं नाही. रामरतीने मात्र पोलिसांत स्वतःच्या नावाने फिर्याद दिली. "अब छुपाने को क्या बचा है?" ती म्हणाली. ठेकेदाराला अटक झाली, पण थोड्याच दिवसांत तो जामिनावर सुटला. रामरती गाझियाबादला भावाकडे राहायला गेली. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.